पायलटची चूक, आणि त्यापुढची दोन वाक्यं

विमान पडलं की आपल्याकडे तासाभरात निकाल लागतो. कुणी म्हणतं पायलटची चूक, कुणी म्हणतं घातपात. दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर फिरतात. म्हणून आज 1959 मधल्या एका अपघाताच्या तपासाबद्दल लिहितोय. विमान छोटं होतं, माणसं चारच होती, पण तो अहवाल आजही वाचावा असा आहे.

बडी हॉली हा अमेरिकेतला रॉक अँड रोल गायक, वय 22. ऐन हिवाळ्यात बसने दौरा चालू होता. बसचे हीटर बंद पडत होते, ड्रमरला तर हिमदंश होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. 2 फेब्रुवारीला आयोवा राज्यात क्लिअर लेकला कार्यक्रम झाला. पुढच्या मुक्कामाला बस नको म्हणून हॉलीने विमान ठरवलं, माणशी 36 डॉलर. सोबत 17 वर्षांचा रिची व्हॅलेन्स आणि 28 वर्षांचा जे. पी. रिचर्डसन. पायलट रॉजर पीटरसन, अवघा 21 वर्षांचा.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास मेसन सिटीहून बीचक्राफ्ट बोनान्झा उडालं. काही मिनिटांतच ते पाचेक मैलांवर शेतात आदळलं. चौघेही गेले. विमान सापडलं सकाळी साडेनऊच्या सुमारास, तेही कंपनीचा मालक दुसरं विमान घेऊन शोधायला निघाला तेव्हा.

तपास सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने केला. ब्लॅक बॉक्स नव्हता. पण मोडक्या यंत्रांचे काटे आदळले त्या क्षणी अडकून राहिले होते. वेग ताशी 165 ते 170 मैल, खाली येण्याचा वेग मिनिटाला 3,000 फूट. इंजिन चालू होतं. म्हणजे विमान बंद पडून कोसळलं नव्हतं, चालू इंजिनानिशी जमिनीत घुसलं होतं.

असं का झालं? विमानतळावर हवा बरी दिसत होती, ढग 3,000 फुटांवर होते. पण पुढे काळोख, बर्फ, आणि खाली दिवे जवळपास नसलेली शेतं. अशा वेळी क्षितिज दिसत नाही आणि आपला कान आपल्यालाच फसवतो. विमान वळत खाली जात असलं तरी शरीराला ते सरळ चाललंय असं वाटतं. तेव्हा फक्त यंत्रांवर विश्वास ठेवून उडावं लागतं. पीटरसनकडे 711 तासांचा अनुभव होता, पण यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता. त्या चाचणीत तो 1958 मध्ये नापास झाला होता.

सप्टेंबर 1959 च्या अहवालात मुख्य कारण हेच आलं: पात्रता नसताना अशा हवेत उडण्याचा पायलटचा निर्णय. बहुतेक लोक इथेच थांबतात. मला महत्त्वाची वाटतात ती त्यापुढची दोन वाक्यं.

एक, हवामान खात्याचे खराब हवेबद्दलचे दोन तातडीचे इशारे निघाले होते, ते पीटरसनला कुणी सांगितलेच नाहीत. दोन, विमानाचं नाक वर आहे की खाली हे दाखवणारं यंत्र तो ज्यावर शिकला होता त्याच्या नेमकं उलट चित्र दाखवायचं. गोंधळात आपण वर चढतोय असं वाटून तो खाली आला असण्याची शक्यता बोर्डाने नोंदवली.

अफवा तेव्हाही होत्या. शेतात हॉलीचं पिस्तूल सापडलं आणि विमानात गोळी झाडली गेल्याच्या कहाण्या निघाल्या. अखेर 2007 मध्ये रिचर्डसनच्या मुलाने वडिलांचे अवशेष बाहेर काढून तपासून घेतले. गोळीची खूण नव्हती. आदळल्यावर लगेच मृत्यू, एवढंच निघालं.

पीटरसन निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या माथी सगळं मारलं असतं, तर न सांगितलेला इशारा आणि उलटं यंत्र पुढच्या पायलटसाठी तसंच राहिलं असतं. आपल्या देशातल्या 2017 च्या नियमांतही लिहिलं होतं की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "पायलटची चूक" असा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढं विचारा: त्याला कुणी काय सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या हातात काय दिलं होतं?