फियाटपासून अल्टोपर्यंत : सीमाभागातल्या जुन्या गाडीची गोष्ट

गणपतीच्या आदल्या दिवशी हिंडलग्याच्या रस्त्याकडेला थोडा वेळ उभे राहिले, तर आपल्या भागातली नातीगोती गाड्यांच्या नंबरपाट्यांवर वाचता येतात. हा रस्ता वेंगुर्ल्याला जातो. बाचीच्या पुढे शिनोळी लागली की महाराष्ट्र सुरू. केए-२२ ची गाडी चंदगडकडे निघालेली असते आणि एमएच-०९ ची गाडी बेळगावात मामाच्या घरी येत असते. निपाणीकडे गेलात तर केए-२३ आणि एमएच-०९ एकाच दारात उभ्या दिसतील. यातल्या कितीतरी गाड्या आपल्याकडे येण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या. मध्यमवर्गीय घरात पहिली गाडी बहुधा जुनीच येते. तिचा इतिहास कुणी लिहीत नाही, म्हणून हा लहानसा प्रयत्न.

आमच्या वडिलांच्या पिढीला निवड अशी नव्हतीच. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली. हीच गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. दुसरी बिर्लांची अॅम्बॅसेडर. तिसरी मद्रासची स्टँडर्ड, पण ती क्वचितच दिसे. उत्पादन सरकारी परवान्याने बांधलेले, त्यामुळे नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहायची. याचा परिणाम आजच्या मुलांना खोटा वाटेल. थोडी वापरलेली गाडी कंपनीच्या किमतीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास, इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. पुढच्या वर्षी मारुती व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी झाली. आठ माणसे, दोन पिशव्या आणि मांडीवर गणपतीची मूर्ती घेऊन जाणारी ओम्नी आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका, २००० मध्ये अल्टो आली. बँका गाडीसाठी कर्ज देऊ लागल्या. ज्यांना परवडत होते त्यांनी नव्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्या जुन्या गाड्या आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या. २००१ साली मारुतीने जुन्या गाड्यांच्या विक्रीसाठी ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केले. तोवर हा सगळा व्यवहार मिस्त्री, एजंट आणि पाहुणे यांच्या भरवशावर चाले. आपल्याकडे तो अजूनही बराचसा तसाच चालतो.

आता सीमेचा भाग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नाती तुटली नाहीत, पण कागद वेगळे झाले. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजच्या पद्धतीच्या केए, एमएच पाट्या आल्या. गाडीवरचा रस्ता कर राज्य सरकारचा असतो. तो नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असला, तरी त्या राज्यापुरताच. म्हणून कोल्हापूरची गाडी स्वस्त दिसते, पण ती इथे कायमची आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी घ्यायची, इथे वयानुसार कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा आणि तिकडे भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागायचा. कायद्याने परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की पुन्हा नोंदणी करावी लागते. २०१४ साली कर्नाटकाने तीस दिवसांनंतरच संपूर्ण कर मागणारी दुरुस्ती केली होती, ती उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. त्या दोन वर्षांत एमएच पाटीची गाडी घेऊन बेळगावात फिरणाऱ्यांची काय तारांबळ उडाली, हे अनेकांना आठवत असेल.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. मी डिप्लोमा केलेला, त्यामुळे गाडीतले याला सगळे कळते असे घरच्यांना वाटे आणि मलाही वाटे. २००८ साली आप्पांनी आमची ओम्नी पलीकडच्या एका गिऱ्हाइकाला विकली. इंजिनाचा आवाज, क्लच, टायर यांवर अर्धा दिवस बोलणे झाले. कागदांवर पाच मिनिटे. एजंटाने फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या, “सायेब, नाव मी बदलून देतो” म्हणाला आणि गेला. तीन वर्षांनी ऐन गणपतीत दारात कोर्टाची नोटीस आली. गाडीने एका मोटारसायकलला धडक दिली होती, विमा संपलेला होता आणि आरसी बुकावर नाव आप्पांचेच होते. एनओसी कुणी काढलीच नव्हती. चार वर्षे तारखा झाल्या. शेवटी गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याने तडजोड केली म्हणून निभावले. पैसे फार गेले नाहीत, पण सत्तरीतल्या माणसाने न केलेल्या अपघातासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यानंतर आप्पांनी कोऱ्या कागदावर कधी सही केली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की गाडी विकली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच भरपाईला जबाबदार. निकाल वाचला तेव्हा मला आप्पा आठवले.

म्हणून यंदा आईला दवाखान्यात ने-आण करण्यासाठी गाडी पाहताना मी क्रम उलटा केला. आधी कागद, मग गाडी. आरसी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, बँकेचा बोजा उतरला की नाही, थकलेले ई-चलन. यातले बरेचसे सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर दिसते. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर इथल्या कराचा आकडा आधी आरटीओत विचारावा आणि मगच भाव बोलावा. तीस हजारांनी स्वस्त गाडी त्या आकड्यानंतर स्वस्त राहतेच असे नाही. विक्रेत्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात पंचेचाळीस दिवसांत विक्री कळवायची असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेली गाडी असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च धरावा. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी सहाशेवरून पाच हजार झाली आहे.

मग गाडी. ती सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवली असेल तर कारण विचारावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते. कोकण-गोव्याकडची गाडी असेल तर मॅटखालचा पत्रा बघावा, खारी हवा पत्रा खाते. आणि आपल्या भागात एक खास गोष्ट : २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरपासून आपल्या जिल्ह्यापर्यंत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन चकचकीत केलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालचे गंजलेले स्क्रू आणि काचा लावल्यावर येणारा कुबट वास, या आणखी दोन खुणा.

वर्षही महत्त्वाचे. जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, त्याच वर्षी एबीएसही आले. ओम्नी तेव्हाच बंद झाली, नव्या सुरक्षा नियमांत ती बसत नव्हती. म्हणून पैसे तेवढेच असतील तर मोठ्या पण जुन्या गाडीपेक्षा २०१९ नंतरची लहान गाडी घ्यावी, असे माझे मत झाले. हातातल्या रकमेतला सातवा-आठवा हिस्सा टायर, बॅटरी, विमा आणि कागदांसाठी बाजूला ठेवावा.

आम्ही घेतली ती केए-२२ पाटीची, पहिल्या मालकाची अल्टो. कोल्हापूरला एक याहून मोठी आणि स्वस्त मिळत होती, ती सोडली. नाव बदललेले आरसी हातात आले तेव्हा आईने पाटीला हळदकुंकू लावले आणि मी आरसीची एक प्रत आप्पांच्या फोटोमागे ठेवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि एक काळ संपला. तेव्हा गाडी मिळणेच कठीण होते. आता गाडी सहज मिळते. ती आपल्या नावावर होईपर्यंत मात्र धीर धरावा लागतो.

यंदा गौरी-गणपतीला आपली गाडी घेऊन सीमेच्या या किंवा त्या बाजूला निघाल तेव्हा मूर्ती मांडीवर नीट धरा आणि डॅशबोर्डमधले कागद एकदा पाहून घ्या. गणपती बाप्पा मोरया!