श्नित्सेल आणि व्हिएन्नाचा कामगार

या व्याख्यानमालेत राजे आणि लढाया यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. आम्ही आज एका पदार्थाविषयी बोलणार आहोत. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले; इतिहास शिकलो तो पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे पानात काहीही आले की ते कोणी रांधले आणि कोणाला परवडले, हे दोन प्रश्न आम्हांस आधी सुचतात.

व्हिएन्नातील जुन्या वळणाच्या खाणावळीला तेथले लोक ‘बाइसल’ म्हणतात. तिथला मानाचा पदार्थ म्हणजे श्नित्सेल. शाकाहारी श्रोत्यांनी क्षमा करावी, पण कृती सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. वासराच्या मांसाचा काप ठोकून पातळ करायचा. आधी पिठात, मग फेटलेल्या अंड्यात, मग शिळ्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि भरपूर तुपात तरंगता तळायचा. तूप हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. तेथेही ते लोणी कढवूनच काढतात. चुरा दाबून बसवायचा नाही, म्हणजे आवरण फुगून मांसापासून सुटते. सोबत लिंबाची फोड आणि बटाट्याची कोशिंबीर.

या पदार्थाची एक कथा सांगतात. फील्डमार्शल राडेत्स्की मिलानमध्ये असताना त्याने तिथला कटलेट पाहिला आणि बादशहाला कळविले, म्हणून तो व्हिएन्नात आला. हा राडेत्स्की कोण? १८४८ च्या मार्चमध्ये मिलानच्या जनतेने पाच दिवस लढून ज्याला शहराबाहेर घालविले आणि ऑगस्टमध्ये जो फौज घेऊन परत आला, तो. कथा अगदी अलीकडची आहे. १९६९ च्या एका इटालियन पुस्तकातून ती पसरली, आणि हाइन्झ-डीटर पोल या भाषाशास्त्रज्ञाने २००७ साली तिला आधार नसल्याचे दाखवून दिले. चुऱ्यात घोळवून तळलेली कोंबडी ऑस्ट्रियाच्या स्वयंपाकघरांत अठराव्या शतकापासूनच होती. असे असूनही लोकांना सेनापती हवा असतो! शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून त्याचा चुरा करणाऱ्या स्वयंपाकिणीचे नाव कोण लिहून ठेवणार?

कामगार संघटनांच्या एका बैठकीच्या निमित्ताने आम्ही व्हिएन्नास गेलो, तेव्हा अशाच एका खाणावळीत जेवलो. श्नित्सेल ताटाच्या कडेबाहेर आले होते. शेजारी छापखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. ते म्हणाले, “आमच्या लहानपणी रविवारी सकाळी वस्तीत घरोघर मांस ठोकल्याचा आवाज यायचा. ज्या घरातून येत नसे, तिथे काय चालले आहे हे सगळ्यांना कळे.”

हा रविवार आणि हे मांस कामगाराच्या वाट्याला सहजी आलेले नाही. १८८५ च्या कायद्याने कारखान्यांत ११ तासांचा दिवस आणि रविवारची विश्रांती कागदावर आली. (मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली, हे आपण जाणताच.) पण १८८८ साली डॉक्टर व्हिक्टर आडलर व्हिएन्नाच्या दक्षिणेकडील वीटभट्ट्यांत चोरून शिरले, तेव्हा त्यांना काय दिसले? बोहेमिया-मोराव्हियातून आलेली माणसे तेथे राबत होती. त्यांना रोकड मिळत नसे, पत्र्याचे बिल्ले मिळत. ते बिल्ले चालत फक्त मालकाच्या आवारातील खाणावळीत, आणि तिथले दर बाहेरच्यापेक्षा चढे. व्हिएन्नाचे ते भव्य वाडे ज्यांच्या विटांवर उभे राहिले, त्यांना शहरातील खाणावळीत बसून जेवण्यापुरतेही नाणे हाती मिळत नव्हते. आडलरनी हे सारे आपल्या पत्रात छापले.

पुढे मांसच महागले. १७ सप्टेंबर १९११ रोजी महागाईविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला, ओट्टाक्रिंग या कामगारभागात सैन्याने गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. महायुद्धात तर पिठाचीही वानवा झाली. जानेवारी १९१८ मध्ये पिठाचा शिधा कापल्याबरोबर वीनर नॉयस्टाटच्या डाइमलर कारखान्यात काम बंद पडले, आणि संप साऱ्या साम्राज्यात पसरला. वर्षअखेरीस साम्राज्यच उरले नाही. नव्या प्रजासत्ताकात फर्डिनांड हानुश मंत्री झाले. हा माणूस मूळचा विणकर. आठ तासांचा दिवस आणि भरपगारी रजा हे दोन्ही कायदे १९१९ पर्यंत त्यांच्या कारकीर्दीत झाले. सुटीच्या दिवशी सहकुटुंब खाणावळीत बसण्याची गोष्ट कामगाराच्या आवाक्यात आली ती यानंतर. आणि तीही पुरती नव्हे, कारण पुढे बेकारी आली, १९३४ चे यादवी युद्ध आले, संघटनांवर बंदी आली, हिटलर आला.

आज ऑस्ट्रियात कायदा असा आहे की नुसते ‘वीनर श्नित्सेल’ लिहिले तर ते वासराचेच हवे. डुकराचे असेल तर तसे पदार्थपत्रिकेवर लिहावे लागते. डुकराचे स्वस्त पडते. आमच्या शेजारच्या त्या वृद्ध गृहस्थांनी पत्रिका न वाचताच डुकराचे मागविले होते.