एकाच तारेचे पैसे किती वेळा भरायचे?

पेणकरपाड्यात वीजदरवाढीवर बोलायला बसलो की चर्चा युनिटच्या दरावर सुरू होते आणि तिथेच संपते. 'घसारा' हा शब्द कुणी काढत नाही. पण ट्रान्सफॉर्मर, तारा, मीटर झिजतात, ती झीज दरवर्षी खर्चात धरली जाते आणि आपण ती बिलातून फेडतो. किती धरायची, हे कंपनीने ठरवायचे की कायद्याने? हा प्रश्न कारकुनी नाही, सत्तेचा आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. जयंतीच्या भाषणांत हे आपण क्वचितच सांगतो. 25 ऑक्टोबर 1943 च्या धोरण समितीत त्यांनी वीज खासगी असावी की सरकारी, हा सवाल ठेवला. गरिबीतून सुटायचे तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असे मांडले.

पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा आला. त्याच्या सहाव्या परिशिष्टाने खासगी कंपन्यांच्या नफ्याला लगाम घातला. घसारा धरायचा तो मूळ किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंतच, ठरलेल्या वर्षांत. बाजारभाव दाखवून किंमत फुगवायची नाही. शिवाय ज्या भांडवलावर नफा मोजायचा, त्यातून झालेला घसारा आणि जोडणीसाठी ग्राहकांनी दिलेला पैसा वजा करायचा. आपण फेडलेल्या तारेवर पुन्हा नफा नको, इतके साधे तत्त्व.

2003 च्या कायद्याने तो कायदा गेला, तत्त्व राहिले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या विनियमांत आजही 90 टक्क्यांची मर्यादा आहे आणि अनुदान, ग्राहकांचा पैसा घसाऱ्यातून वगळला जातो. समजा, ट्रान्सफॉर्मर 10 लाखांचा, त्यात 4 लाख अनुदान. मग घसारा 6 लाखांवर, म्हणजे फार तर 5 लाख 40 हजार. अनुदान लपले तर 9 लाख. फरक आपल्या खिशातला.

मीरा-भाईंदरला वीज देणारी कंपनी मुळात 1929 ची बॉम्बे सबर्बन. नंतर रिलायन्स, ऑगस्ट 2018 पासून अदानी. पाट्या बदलल्या, वही पुढे चालू. ती तपासायचा मार्ग कलम 64 मध्ये आहे: दरप्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला आदेश देता येत नाही. मोर्चा काढूच, पण हरकतही लिहू. पहिला प्रश्न: 90 टक्के वसूल झालेली मालमत्ता किती, आणि तिचा घसारा थांबला का?