हज नोट : रुपया समुद्रापार चालत होता तेव्हा

हजचा मोसम जवळ आला की महाड-पोलादपूरकडच्या मुस्लिम घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "रियाल किती घेतले?" एहराम, औषधे, दुआंचे पुस्तक यांच्या जोडीला ही एक काळजी असतेच. हज कमिटी अलीकडेपर्यंत प्रत्येक यात्रेकरूला त्याने भरलेल्या रकमेतूनच 2100 रियाल हातात देत असे. 2023 पासून ती पद्धत बंद झाली. आता ज्याने त्याने आपली सोय पाहायची. वीर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना कुणी बँकेच्या कार्डाची चौकशी करतो, तर कुणी आखातातल्या मुलाच्या भरवशावर निर्धास्त असतो.

आपल्या आजोबांच्या पिढीची गोष्ट वेगळी होती. वीरला रेल्वे आली ती जून 1993 मध्ये, कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा सुरू झाला तेव्हा. त्याआधी महाडकडचा हाजी खाडीने किंवा सडकेने मुंबई गाठायचा, मुसाफिरखान्यात थांबायचा आणि मोगल लाइनच्या जहाजाने जेद्दाला निघायचा. त्याच्या कमरेला बांधलेला पैसा रुपयांतच असे.

त्यात नवल नव्हते. इंग्रजी अमलात आखाताचा कारभार हिंदुस्थानातून पाहिला जाई. त्यामुळे कुवेत, बहारीन, कतार, दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चाले. स्वातंत्र्यानंतरही रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर तिथले व्यवहार होत राहिले. कोकणातला खलाशी तिथे कमवायचा ते रुपये आणि घरी आणायचा तेही रुपयेच. मध्ये सराफ नाही, भाव नाही.

सौदी अरबस्तानचे चलन मात्र स्वतंत्र होते. तिथे चांदीचा रियाल चाले. नाण्यांचे ओझे यात्रेकरूला जड जाई. म्हणून 1953 मध्ये तिथल्या मध्यवर्ती वित्तसंस्थेने हाजींसाठी कागदी पावत्या काढल्या. त्यांवर अरबीबरोबर उर्दू, फारसी अशा यात्रेकरूंच्या भाषांतही मजकूर होता. म्हणायला पावत्या, पण बाजारात त्या नोटांसारख्याच फिरू लागल्या. सौदीतल्या कागदी चलनाची सुरुवात अशी हाजींच्या गरजेतून झाली.

इकडे भारतापुढे दुसरेच संकट होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय गंगाजळी आटत चालली होती. त्याच वेळी आखातातून चोरटे सोने येत होते. त्याची किंमत रुपयांच्या नोटांनी चुकती व्हायची, नोटा आखातात पोहोचायच्या आणि तिथल्या बँकांमार्फत परत आल्या की भारताला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. आपल्या लग्नांतल्या दागिन्यांचे बिल देशाच्या गंगाजळीतून फिटत होते. ते सोने विकत घेणारे सगळ्या जातिधर्मांचे होते, हे विसरता कामा नये.

यावर 1959 मध्ये कायद्यात बदल झाला. आखातासाठी वेगळ्या रंगाच्या 1, 5, 10 आणि 100 रुपयांच्या नोटा निघाल्या. त्या भारतात चालत नसत. हाजींसाठी आणखी वेगळ्या, 10 आणि 100 रुपयांच्या 'हज नोटा' छापल्या गेल्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी 'एचए' ही अक्षरे असत. या नोटाही देशात चालत नसत, त्या सौदीत रियाल घेण्यासाठीच होत्या. त्याच वर्षी संसदेने हज कमिटीचा कायदाही केला.

हज नोटेकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. ती सोय होती. परकीय चलनाची टंचाई असताना सरकारने यात्रा थांबवली नाही, यात्रेकरूसाठी स्वतंत्र नोट छापली. आणि ते बंधनही होते, कारण हाजीबरोबर बाहेर जाणारा रुपया आता ओळखता आणि मोजता येऊ लागला. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. ही नोट खैरात नव्हती. हाजी स्वतःचे रुपये मोजून ती घेई. हज फर्ज आहे ती ऐपत असलेल्यावर, आणि ती ऐपत त्याने स्वतः कमावलेली असे.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. कुवेतने 1961 मध्ये आणि बहारीनने 1965 मध्ये स्वतःचा दिनार आणला. 6 जून 1966 रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. एका रात्रीत आपल्या शिलकीची किंमत घटलेली आखातातल्या राज्यांना परवडणार नव्हती. त्याच वर्षी कतार आणि दुबईने रुपया सोडला, 1970 मध्ये ओमाननेही. हाजीलाही झळ बसली. तेव्हाच्या अधिकृत दरांनी 1000 रियालला आधी सुमारे 1060 रुपये पडत, ते 1670 च्या घरात गेले. आज एका रियालला बावीसहून अधिक रुपये मोजावे लागतात.

हजचे अनुदान 2018 मध्ये बंद झाले, तरी "हाजी देशाच्या पैशावर जातात" हे टोमणे थांबलेले नाहीत. अनुदान विमानभाड्यावर होते. ते चालू असावे की नसावे यावर मुस्लिमांतही मतभेद होते. पण त्याआधीचा इतिहासही सांगायला हवा. ज्या आखातात आपला रुपया चालेनासा झाला, तिथेच पुढे महाड, माणगाव, म्हसळ्याची माणसे कामाला गेली आणि दिनार, दिरहम, रियाल घरी पाठवू लागली. एकेकाळी देशाला ज्याची चणचण होती ते परकीय चलन त्यांच्या घामातून आले.

म्हणून आखातातल्या मुलाने दिलेले रियाल घेऊन आई-वडील हजला निघतात, तेव्हा त्यांनी कुणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. घरात एखादी जुनी हज नोट सापडली तर तीही जपून ठेवा. बाजारात तिचे काही मिळो न मिळो, मुलांना हा इतिहास सांगायला ती उपयोगी पडेल.