पटवर्धन घराण्याचे दप्तर आणि पत्रांचे मायने

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय होते. त्यांच्या पुत्रांनी पौरोहित्य सोडून पेशव्यांच्या चाकरीत तलवार धरली. 1764 मध्ये माधवराव पेशव्यांनी गोविंद हरी आणि त्यांचे पुतणे परशुराम रामचंद्र व नीळकंठ त्र्यंबक यांच्या नावे मोठा सरंजाम करून दिला. दोन-तीन पिढ्यांत याज्ञिकाचे घर सरदाराचे झाले, आणि या स्थित्यंतराबरोबरच त्याचे दप्तरही वाढत गेले.

हे दप्तर प्रकाशात आणण्याचे श्रेय मिरजेचे संस्कृत शिक्षक कै. वासुदेवशास्त्री खरे यांचे. 1897 पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. 1924 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ते कार्य त्यांच्या पुत्राने पुढे चालविले. पत्रांच्या जोडीला प्रसंगाचा पूर्वापर संबंध सांगणारी निवेदने देऊन शास्त्रीबोवांनी विस्कळीत कागदांना इतिहासाचे रूप दिले. हैदर-टिपूवरील स्वाऱ्या आणि 1795 ची खर्ड्याची लढाई यांचा अभ्यास या संग्रहावाचून होऊ शकत नाही.

तथापि राजकीय इतिहासाच्या सोयीने पत्रे वाचण्याच्या सवयीमुळे एक गोष्ट दृष्टीआड झाली आहे. छावणीतून घरी आलेल्या एकाच पत्रात फौजेचे कूच, सावकाराचे देणे, मुलाची मुंज आणि कोणाचे दुखणे अशा गोष्टी शेजारी शेजारी येतात. लिहिणाऱ्याच्या मनात खासगी आणि सरकारी असा भेद नव्हता. तो भेद पुढील वाचकांनी केला. पत्राच्या आरंभीचा मायना तर केवळ शिष्टाचार समजून पुष्कळ संपादकांनी गाळला किंवा संक्षिप्त केला.

वस्तुतः मायना हा स्वतंत्र पुरावा आहे. या काळातील असंख्य पत्रांवर चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, वर्ष मात्र नसते. अशा पत्राचा काळ ठरविताना नात्याची भाषा उपयोगी पडते. वडील मनुष्य हयात असेतोवर त्याचा उल्लेख ‘तीर्थरूप’ म्हणून होतो. निधनानंतर तोच ‘कैलासवासी’ होतो. परशुरामभाऊ सप्टेंबर 1799 मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत पडले. त्यांना ‘कैलासवासी’ म्हणणारे पत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान महिना सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. म्हणून रमजानातील पत्रात पेरणीचा उल्लेख असल्यास संभाव्य वर्षे मोजकीच उरतात. पत्रावर नोंदलेली पैवस्तीची तारीख मिळाली तर निर्णय आणखी पक्का होतो. सारांश, इतिहासकाराने निरुपयोगी मानलेला ‘घरगुती’ मजकूरच त्याच्या कालनिर्णयाचा आधार ठरतो.

भाषेच्या अभ्यासकापुढे याहून कठीण प्रश्न आहे. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. बाळबोधीत छापताना हा भेद संपादकास स्वतः करावा लागतो. त्यामुळे छापील पत्रांतील ऱ्हस्व-दीर्घावरून अठराव्या शतकातील उच्चाराविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे संपादकाचे व्याकरण सरदाराच्या तोंडी घालणे होय. शिवाय पत्र बहुधा कारकून लिहीत असे. घराण्याची भाषा म्हणून आपण जी वाचतो, तीत कारकुनाची वळणे किती आणि धन्याची किती, हे अक्षर पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. आणि छापील पानावर अक्षर उरत नाही.

घराणे विभागले की दप्तरही विभागते. 1801 मध्ये चिंतामणरावांनी काकांच्या मिरजेपासून वेगळे होऊन सांगली आपली केली. 1820 मध्ये मिरजेच्याही थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या. अशा वाटणीनंतर कोणता कागद कोणाकडे राहिला, हीदेखील इतिहासाची साक्ष असते. रुमाल सोडून कागद केवळ तारीखवार लावले, तर ही साक्ष कायमची नष्ट होते, कारण मोडलेला क्रम पुन्हा जुळविण्याचे साधन मागे राहत नाही.

खरेशास्त्र्यांनी केलेले काम डोंगराएवढे आहे. त्याचा खरा आदर त्यांच्या छापील खंडांवर संतुष्ट राहण्यात नाही. मूळ मोडी कागदांशी ताडून पाहावे, मायने व पैवस्त्या यांची सूची करावी, आणि कोणत्याही घराण्याचे दप्तर हाती आल्यास प्रथम त्याच्या रुमालांचा क्रम जसाच्या तसा टिपून ठेवावा. पत्र वाचण्याचे काम त्यानंतरचे.