बोरघाटापासून लेबर कोर्टापर्यंत

मावळातल्या परंदवडी-उर्से पट्ट्यात शेडच्या पत्र्यावरून माणूस पडून गेला, की बऱ्याचदा तेरावं व्हायच्या आत ठेकेदाराचा माणूस घरी येतो. हातात पाकीट आणि आधीच टाइप करून आणलेला कागद: आमची काही तक्रार नाही. भावकीही म्हणते, कर सही, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? त्या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही, आणि ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे.

त्याआधीचा काळ मावळाने बोरघाटात पाहिला. रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं, 1863 मध्ये पुरं झालं. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर कड्यांना लटकून सुरुंग लावत होते. दरडीने गेले, पटकीने त्याहून जास्त. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट पुढे चालवलं. मजुराच्या बायकोसाठीही कायदा होता बरं का. 1855 चा, प्राणघातक अपघातांचा. फक्त साहेबाची चूक तिने दिवाणी कोर्टात सिद्ध करायची. त्यात इंग्रजी न्यायाची आणखी एक मेख होती: सोबतच्या मजुराच्या हलगर्जीने सुरुंग उडाला, तर मालक मोकळा.

चूक कुणाची, हा प्रश्नच जर्मनीने 1884 मध्ये आणि इंग्लंडने 1897 मध्ये बाजूला ठेवला. काम करताना मेला ना, मग भरपाई द्या. आपल्याकडे हे 1923 च्या कायद्याने आलं. केंद्रीय कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलायला तेव्हा ना. म. जोशी होते. 1 जुलै 1924 पासून अंमल सुरू झाला. रक्कम तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार, जे कमी असेल ते. अल्पवयीन मजूर मेला तर सरसकट दोनशे रुपये. पोराच्या जिवाचा हा भाव कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता.

पण याच कायद्याने आणलेला एक नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. मृत्यूची भरपाई मालकाने घरी नेऊन द्यायचीच नाही, आयुक्ताकडे भरायची. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ते काम लेबर कोर्टाचे न्यायाधीश बघतात. बायकोला किती, म्हाताऱ्या आईला किती, पोरांच्या नावे बँकेत किती, हे तिथे ठरतं. घरी आगाऊ देता येतो तो फार तर तीन महिन्यांचा पगार. पाकीट देणाऱ्याने उरलेली रक्कम दिली असं धरलंच जात नाही. ठेकेदार हात वर करतो, तेव्हा कायदा मूळ कंपनीला धरतो.

आकडा हळूहळू वाढत गेला. 1995 च्या दुरुस्तीनंतर निम्मा पगार गुणिले वयाचा गुणक असा हिशेब झाला; पगाराची कमाल मर्यादा 2020 पासून 15 हजार. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. पगार पंचवीस हजार असला तरी तेवढेच. ज्याचा ईएसआय कापला जातो, त्याच्या घरी ही ठोक रक्कम येत नाही, महिन्याचं निवृत्तिवेतन येतं: वेतनाच्या नव्वद टक्क्यांतले तीन पंचमांश विधवेला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, आणि बेरीज नव्वदच्या वर गेली तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी. ठोक पैसा घराच्या बांधकामात आणि देण्यात जिरतो, म्हणून मला ही दुसरी पद्धत बरी वाटते.

चूक कुणाची, हा प्रश्न गेला, तरी 'कामावर' म्हणजे कुठे हा उरला. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक राखणदार एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी 3 लाख 26 हजार 140 रुपये आणि व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते रद्द केलं. म्हणे, तो अजून कामावर पोचलाच नव्हता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मंजूर केलं: कामाशी जोडलेला घर ते कारखाना हा प्रवासही नोकरीतच धरायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद आता लिहूनच आली आहे.

असा दावा आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाली काढावा, असं 2009 पासून कायद्यात होतं. वरच्या कोर्टांना ती मुदत नाही.