चॉसर : एका आडनावाचा इतिहास

इंग्रजी काव्याचा जनक म्हणून गौरविल्या जाणाऱ्या जेफ्री चॉसरचे (मृत्यू १४००) आडनाव मात्र मुळात इंग्रजी नाही. पायमोजे व पादत्राणे करणाऱ्या कारागिरासाठी जुन्या फ्रेंचमध्ये जी संज्ञा होती, तिच्यापासून ते आले. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही इंग्लंडच्या दरबाराची भाषा झाली आणि अनेक व्यवसायनामेही तिच्यातून रूढ झाली. कालांतराने ती वंशपरंपरागत ठरली. व्यवसाय सुटला तरी नाव टिकले. चॉसरचे वडील लंडनमध्ये मद्याचे व्यापारी होते, तर कवी स्वतः १३७४ पासून तेथील बंदरात लोकरीवरील जकातीचा अधिकारी होता. म्हणजे नावाचा वाच्यार्थ तोवर लोपला होता. उरली होती ती कुळाची खूण.

परंतु अर्थ लोपला तरी त्यामागील भाषासंबंध पुसले जात नाहीत. न्यायालयीन युक्तिवाद इंग्रजीतून व्हावेत असे सांगणारा १३६२ चा कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला गेला होता. त्याच संधिकाळात हा फ्रेंच नावाचा कवी इंग्रजीत लिहीत होता. वाङ्मयेतिहासाला भाषेचा निर्भेळ उगम हवा असतो. येथे ‘जनका’च्या नावातच तो मिश्र असल्याची साक्ष आहे.